तीन वर्षांची फाइल, दहा वर्षांनी येणारा आजार

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरणविषयक विनियमांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे जपून ठेवायची असतात. त्यानंतर ती नष्ट केली तर कोणताही नियम मोडत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे विनियम आणले, ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनी व्यवस्था कायम राहिली. ताप, प्रसूती, आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया अशा उपचारांसाठी तीन वर्षांची मुदत कदाचित पुरेशीही असेल. परंतु एखाद्या स्त्रीच्या छातीत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले गेले असेल, तर तिच्या बाबतीत ही मुदत निरर्थक ठरते. इम्प्लांटचे कवच फाटण्याची शक्यता वर्षांगणिक वाढत जाते. त्याच्याशी संबंधित दुर्मिळ कर्करोग तर शस्त्रक्रियेनंतर साधारण आठ ते दहा वर्षांनी दिसू लागतो. म्हणजे आजार येईपर्यंत त्याचे मूळ शोधण्याचा कागद कायदेशीररीत्या रद्दीत गेलेला असतो.

हा विषय वर्तमानपत्राच्या राष्ट्रीय घडामोडींच्या पानावर कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. स्तनांचे इम्प्लांट म्हटले की आपल्याकडे चित्रपटसृष्टी आणि श्रीमंतांची हौस आठवते, आणि संभाषण हसण्यावारी जाते. प्रत्यक्षात भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे, आणि स्तन काढून टाकल्यानंतर पुनर्रचनेचा पर्याय आता महानगरांपुरता राहिलेला नाही. आमच्या रायपूरमध्ये एम्स आहे, वैद्यकीय महाविद्यालयाचे आंबेडकर रुग्णालय आहे (गावातले लोक त्याला अजूनही ‘मेकाहारा’च म्हणतात), प्लास्टिक सर्जरी विभाग असलेले दाऊ कल्याण सिंह रुग्णालय आहे आणि नव्या रायपुरात कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालयही उभे राहिले आहे. बस्तर, सरगुजा आणि शेजारच्या ओडिशातील कालाहांडी, नुआपाडा या भागांतून रुग्ण येथे येतात. ज्यांना परवडते ते नागपूर किंवा मुंबईला जातात. हौसेसाठी इम्प्लांट बसवून घेणाऱ्या स्त्रियाही आहेत आणि त्यांनी स्वतःच्या पैशाने केलेल्या निवडीबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. सदोष वस्तू शरीरात असेल तर ती कोणत्या कारणाने बसवली, याने धोका कमी होत नाही.

दोष उशिरा आणि चोरपावलांनी येतो, हे या वस्तूचे वैशिष्ट्य प्रथम समजून घ्यायला हवे. सिलिकॉन जेलने भरलेले पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या शल्यचिकित्सकांनी बसवले. सलाइनने भरलेले इम्प्लांट फुटले तर ते लगेच बसते आणि बाईला आरशातच कळते. जेलचे तसे होत नाही. शरीर परक्या वस्तूभोवती स्वतःचे तंतुमय आवरण तयार करते. आतले सिलिकॉनचे कवच फाटले तरी जेल त्या नैसर्गिक आवरणात अडकून राहते, आकार बदलत नाही, दुखतही नाही. डॉक्टरांनी हाताने तपासले तरी बहुधा समजत नाही. मॅमोग्राफी गाठ शोधण्यासाठी उपयोगी असली, तरी आतल्या आत झालेली ही फूट पकडायला ती दुबळी आहे. उलट इम्प्लांटच स्तनाच्या काही ऊतींना झाकून टाकते, म्हणून अशा स्त्रियांची मॅमोग्राफी करताना इम्प्लांट मागे सरकवून जादा छायाचित्रे घ्यावी लागतात. हे तंत्रज्ञाला सांगितले नाही तर तपासणीच अर्धवट होते.

फूट खात्रीने दिसते ती एमआरआयमध्ये. फाटून दुमडलेले कवच जेलमध्ये तरंगताना वळणावळणांच्या रेषांसारखे दिसते. पाश्चात्त्य क्ष-किरणतज्ज्ञांनी त्याला एका इटालियन पास्त्याचे नाव दिले आहे, आपण त्याला शेवया म्हणू. अनुभवी हातात सोनोग्राफीही बरेच सांगून जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये जेलच्या इम्प्लांटना पुन्हा परवानगी देताना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी एमआरआय करावा, अशी शिफारस केली होती. ती फारशी पाळली गेली नाही, कारण खर्च बाईच्याच माथी येत होता. २०२० मध्ये शिफारस बदलली. आता पहिली तपासणी पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी, तीही एमआरआय किंवा सोनोग्राफी यांपैकी कोणतीही. भारतीय परिस्थितीत हा बदल महत्त्वाचा आहे. दंतेवाड्याच्या स्त्रीला एमआरआय म्हणजे एक प्रवास, एक मुक्काम आणि काही दिवसांची मजुरी. सोनोग्राफीचे यंत्र तुलनेने जवळ असते. प्रसवपूर्व निदान कायद्याखाली त्या यंत्राची नोंद जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे असते. यंत्र कोठे आहे हे शासनाला ठाऊक असते. ज्या स्त्रीला त्याखाली बोलवायचे, ती कोठे आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

कर्करोगाची बाब वेगळी आहे आणि ती मोजून-मापून सांगितली पाहिजे. ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा हा स्तनाच्या ऊतींचा कर्करोग नव्हे. तो इम्प्लांटभोवतीच्या आवरणात उद्भवणारा, रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग आहे. मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी त्याचा संबंध आढळला आहे. अमेरिकेच्या प्रशासनाने २०११ मध्ये या संबंधाची शक्यता जाहीर केली आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. तो दुर्मिळ आहे आणि वेळेत सापडला तर इम्प्लांट व भोवतीचे आवरण पूर्ण काढून टाकल्याने बहुतेक रुग्ण बरे होतात. त्याचे नेहमीचे लक्षण म्हणजे अनेक वर्षे काही त्रास नसताना एका बाजूचा स्तन अचानक सुजणे, कारण इम्प्लांटभोवती द्रव साचतो. येथेच निदान हुकते. ज्या डॉक्टरांना आधीच्या शस्त्रक्रियेची पूर्ण माहिती नसते, ते सुईने द्रव काढतात, प्रतिजैविके देतात आणि काढलेला द्रव मोरीत जातो. तो द्रव पेशीतपासणीला पाठवून सीडी३० या खुणेसाठी तपासायला हवा, हे जिल्हा पातळीवरच्या शल्यचिकित्सकाला ठाऊक असणे म्हणजे एका स्त्रीचे प्राण वाचणे असू शकते. ज्यांना कोणताही त्रास नाही अशा स्त्रियांनी घाबरून इम्प्लांट काढून घ्यावे, असे अमेरिकेच्या प्रशासनानेही सांगितलेले नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण अशा बातम्यांचा पहिला फायदा भीती विकणाऱ्यांना होतो.

मी इतिहासाचा विद्यार्थी. जगाने या बाबतीत काय केले, हे पाहताना मला सर्वाधिक बोलकी वाटते ती ब्रिटनमधील एक साधी प्रशासकीय नोंद. तेथे १९९३ पासून स्तन-इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही होती. स्त्रियांची संमती पुरेशी मिळत नाही या कारणाने ती २००६ मध्ये बंद करण्यात आली. चार वर्षांनी, मार्च २०१० मध्ये, फ्रान्सच्या औषध नियामकाने पॉली इम्प्लांट प्रोथेझ अर्थात ‘पीआयपी’ या कंपनीची उत्पादने बाजारातून काढली. वैद्यकीय दर्जाच्या जेलऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरून ही कंपनी वर्षानुवर्षे माल विकत होती, आणि युरोपीय मान्यतेचे चिन्ह त्या मालावर रीतसर होते. तपासनीस येत तेव्हा त्यांना दाखवायला वेगळी कागदपत्रे ठेवलेली असत. फसवणूक तपासणीतून उघड झाली नाही. मार्सेयच्या शल्यचिकित्सकांना फुटलेली इम्प्लांट जास्त संख्येने दिसू लागली म्हणून ती उघड झाली. जगभरात सुमारे तीन लाख आणि ब्रिटनमध्ये सुमारे ४७,००० स्त्रियांच्या शरीरात हा माल होता. पुढे ब्रिटिश सरकारच्या तज्ज्ञ समितीने दहा वर्षांत ही इम्प्लांट फुटण्याचे प्रमाण १५ ते ३० टक्के असल्याचे सांगितले. इतर कंपन्यांसाठी ते १० ते १४ टक्के होते. कंपनीचा संस्थापक जाँ-क्लोद मास याला डिसेंबर २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. आणि ब्रिटनने २०१६ मध्ये नोंदवही पुन्हा सुरू केली. मधली दहा वर्षे हिशोबात कोठे धरायची?

अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. २००६ ची परवानगी देताना कंपन्यांनी हजारो स्त्रियांचा दहा वर्षे पाठपुरावा करावा, अशी अट घातली. स्त्रियांची नावे नोंदली गेली, पण तीन वर्षांनी एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासात सुमारे एकपंचमांश स्त्रियाच संपर्कात राहिल्या होत्या. २०१९ मध्ये प्रशासनाला दोन कंपन्यांना इशारापत्रे पाठवावी लागली. ज्याचा माल तपासायचा त्याच्याच हाती पाठपुरावा सोपवला की काय होते, हे ज्यांनी सरकारी कंत्राटांची देखरेख केली आहे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲलर्गन कंपनीची खडबडीत इम्प्लांट जगभरातून मागे घेण्यात आली. तोवर अमेरिकेच्या प्रशासनाकडे या लिम्फोमाच्या ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद होती. या ३३ पैकी केवळ १३ स्त्रियांच्या बाबतीत इम्प्लांट कोणत्या कंपनीचे होते, हे सांगता आले. त्या १३ पैकी १२ इम्प्लांट एकाच कंपनीची होती. उरलेल्या वीस जणी इम्प्लांटशी संबंधित आजाराने गेल्या आणि त्यांच्या छातीत कोणाचा माल होता, याचा कागद जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाकडेही नव्हता.

आपल्या देशात याच दुखण्याचे नाव वेगळे होते. ते कंबरेच्या सांध्याचे होते. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीचे ‘एएसआर’ हे धातूचे कृत्रिम सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. या सांध्यात दोष आहे हे आधी कोणाच्या लक्षात आले? ऑस्ट्रेलियात अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९९९ पासून सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही ठेवली होती. तिच्यात हा सांधा लवकर बदलावा लागत असल्याचे आकडे २००७ पासूनच दिसू लागले होते आणि कंपनीने तेथून तो डिसेंबर २००९ मध्येच काढून घेतला. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत पोलिसांत प्रकरण नोंदवले, हे त्या खात्याच्या खाती जमा धरले पाहिजे. बाकीचा देश तेव्हा स्वस्थ होता. केंद्राने डॉ. अरुणकुमार अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती २०१७ मध्ये. समितीच्या अहवालातील एक आकडा मला आजही अस्वस्थ करतो. सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नव्हता. भरपाईची रक्कम, तिची सूत्रे, न्यायालयातील तारखा यांवर पुष्कळ लिहिले गेले. पण जो सापडतच नाही, त्याला भरपाई कशी देणार आणि त्याच्या रक्तातील धातूचे प्रमाण कोण तपासणार?

त्यानंतर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०१५ मध्ये गाझियाबादच्या भारतीय भेषजसंहिता आयोगाकडून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली. गंभीर व अनपेक्षित दुष्परिणाम कळल्यापासून पंधरा दिवसांत परवानाधारकाने तो नियामकाला कळवायचा, अशी अट आहे. प्रत्येक उपकरणावर स्वतंत्र ओळख-क्रमांक असावा, ही तरतूदही आहे. मूळ नियमात त्यासाठी १ जानेवारी २०२२ ही तारीख होती, ती आली तेव्हा अंमलबजावणी पुढे ढकलली गेली.

या सर्व व्यवस्थेत एक मूलभूत उणीव आहे आणि ती शाळेतल्या अपूर्णांकाइतकी सोपी आहे. गाझियाबादला तक्रारी पोहोचल्या तर अंश मिळतो. छेद कोठून आणायचा? एका कंपनीच्या इम्प्लांटबद्दल वीस तक्रारी आल्या आणि दुसरीच्या बाबतीत पाच, तर पहिली वाईट की तिचा माल फक्त चौपट खपतो, हे एकूण किती बसवली गेली ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय रुग्णालयांनी तक्रार कळवणे ऐच्छिक आहे, आणि दहा वर्षांनी फुटलेले इम्प्लांट घेऊन बाई ज्या डॉक्टरकडे जाते तो बहुधा मूळ शस्त्रक्रिया करणारा नसतोच. तो कोणाच्या नावाने काय कळवणार? स्तन-इम्प्लांटसाठी देशात कायद्याने बंधनकारक अशी राष्ट्रीय नोंदवही आजही नाही.

आमच्या राज्याला स्त्रियांच्या आरोग्यातील दुर्घटना नव्या नाहीत. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळ सकरी येथील नसबंदी शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी १३ जणी दगावल्या. देश हादरला, न्यायिक चौकशी झाली. त्या वेळी दोष शोधता आला, कारण सर्व स्त्रिया एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच यादीत होत्या आणि आजार चोवीस तासांच्या आत दिसला होता. त्याच ८३ स्त्रिया तेवढ्याच वेगवेगळ्या गावांत, तेवढ्याच वेगवेगळ्या वर्षी आजारी पडल्या असत्या, तर त्यांचे मृत्यू ८३ स्वतंत्र कुटुंबांची दुर्दैवे ठरली असती. इम्प्लांटच्या बाबतीत नेमके असेच घडते.

माझ्या एका मावसबहिणीचा अनुभव येथे सांगावासा वाटतो. कर्करोगानंतर राज्याबाहेरच्या एका मोठ्या शहरात तिची पुनर्रचना शस्त्रक्रिया झाली होती. बारा वर्षांनी उजवी बाजू सुजली. रायपूरच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या : कंपनी कोणती, पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, आणि नक्की कोणते वर्ष. तिला फक्त वर्ष सांगता आले. मूळ रुग्णालयाला पत्र लिहिले तेव्हा जुनी कागदपत्रे नियमानुसार नष्ट केल्याचे सभ्य शब्दांत उत्तर आले, आणि ते खरेच नियमानुसार होते. घरातल्या ट्रंकेत एक बिल सापडले. त्यावर एकाच ओळीत ‘इम्प्लांट चार्जेस’ आणि पुढे रक्कम. डॉक्टर सावध होते, त्यांनी द्रव तपासणीला पाठवला, सुदैवाने त्यात काही निघाले नाही. पण पुढची तपासणी कधी आणि कशासाठी, हा प्रश्न त्यांनी अंदाजाने सोडवला. मोटारगाडीचा चासी क्रमांक परिवहन कार्यालयात कायमचा असतो, हे तिने मला ऐकवले. मी पस्तीस वर्षे शासनात काढल्यामुळे हे वाक्य माझ्यासाठीच होते, असे मी समजतो.

नोंदी ठेवणे आपल्या प्रशासनाला जमत नाही, हा समज चुकीचा आहे. रायपूर जिल्ह्याच्या पहिल्या नियमित जमाबंदीचा ह्युइट साहेबांचा अहवाल १८६९ चा आहे. गावोगावच्या शेतांचे खसरा क्रमांक तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या वाहत आले आणि आज ते संगणकावर ‘भुइयां’त पाहता येतात. मध्य प्रांतात गावचा कोतवार, अनेकदा निरक्षर असूनही, जन्ममृत्यूची खबर ठाण्यापर्यंत पोहोचवत असे आणि त्या नोंदींवर साथीच्या रोगांचे आकडे उभे राहत. आमच्याकडे ‘रजिस्ट्री’ हा शब्द उच्चारला की माणसाच्या डोळ्यांपुढे जमीनच येते. शासनाला ज्यातून महसूल मिळतो किंवा ज्यावर खर्च होतो, त्याची नोंद टिकते. हे मी उपरोधाने म्हणत नाही. अभिलेखागारांचा सगळा इतिहास असाच आहे. आयुष्मान योजनेत स्टेंट किंवा कृत्रिम सांध्याचा दावा मंजूर करून घ्यायचा तर रुग्णालयाला त्या वस्तूच्या वेष्टनावरचे स्टिकर जोडावे लागते, कारण तेथे पैशाचा प्रश्न आहे. म्हणजे स्टिकर घेणे, ते चिकटवणे, त्यावरचा क्रमांक शासनाकडे पोहोचवणे हे सगळे आपल्याला येते. दावा निकाली निघाला की तो क्रमांक लेखापरीक्षणाचा कागद होतो. ज्याच्या शरीरात ती वस्तू आहे, त्याच्यासाठी तो कोणीच जपत नाही.

यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. औषधे आणि उपकरणे हा समवर्ती सूचीतला विषय असला, आयातीचा परवाना केंद्राच्या हाती असला, तरी सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. छत्तीसगढकडे उपचर्यागृह व रोगोपचार आस्थापनांच्या अनुज्ञप्तीचा २०१० चा स्वतःचा अधिनियम आहे. महाराष्ट्राकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे. शरीरात कायम राहणारी वस्तू बसवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने त्या वस्तूचा तपशील तीस वर्षे जपावा आणि रुग्णालय बंद पडले तर तो जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावा, एवढी अट परवान्याच्या नियमांत घालायला संसदेच्या अधिवेशनाची गरज लागत नाही. छोटी रुग्णालये बंद पडतात, विकली जातात, डॉक्टर निवृत्त होतात. तीन वर्षांच्या मुदतीपेक्षाही हीच मोठी गळती आहे. तपशील म्हणजे काय, तर कंपनी, नमुना, पृष्ठभाग, अनुक्रमांक, बॅच, बाजू आणि तारीख. अर्ध्या पानाचा मजकूर. नामांकित कंपन्यांच्या इम्प्लांटसोबत सोलून चिकटवता येणारी जादा स्टिकरे येतातच, एक फाइलसाठी आणि एक रुग्णाच्या कार्डासाठी. आज अनेक ठिकाणी ती वेष्टनासह कचऱ्यात जातात. रुग्णाच्या हाती कार्ड न देता तिला घरी पाठवणे, हा परवान्याच्या अटीचा भंग मानला जावा.

डॉक्टर मित्रांचा आक्षेप असतो की आणखी एक रजिस्टर, आणखी एक पोर्टल, आणि भरायला माणूस नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. शासनाने वैद्यकीय व्यवसायावर लादलेल्या विवरणपत्रांपैकी निम्मी कोणी वाचत नाही, हे मी आतून पाहिले आहे. म्हणून नवे पोर्टल नकोच. जी माहिती दाव्यासाठी आधीच जाते, तिचाच एक प्रवाह नोंदवहीत वळवावा आणि खासगी पैशाने झालेल्या शस्त्रक्रियांसाठी तोच नमुना वापरावा. भरलेल्या माहितीतून वर्षाला एक तरी अहवाल डॉक्टरांच्या हाती परत गेला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील सांध्यांची नोंदवही टिकली, कारण शल्यचिकित्सकांना तिच्यातून स्वतःचे निकाल दिसतात.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि ब्रिटनची जुनी नोंदवही त्यानेच बुडवली. छातीत इम्प्लांट आहे ही गोष्ट पुष्कळ स्त्रियांना सासरी, कार्यालयात, कधी पतीलाही कळू द्यायची नसते. त्यांचे नाव शासनाच्या यादीत असावे, हे त्यांनी का मान्य करावे? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आपल्याकडे आहे, पण कायद्याने विश्वास निर्माण होतो असे नाही. नेदरलँड्समध्ये २०१५ पासून नोंद आपोआप होते आणि जिला नको असेल ती नाव काढून घेऊ शकते. मला तो मार्ग योग्य वाटतो. नाव आणि क्रमांक वेगवेगळ्या ठिकाणी ठेवता येतात. विश्लेषण करणाऱ्याला फक्त क्रमांक दिसावा, आणि एखादी बॅच परत बोलावण्याची वेळ आली तरच दोन्ही जुळवले जावेत. संपर्क कसा साधायचा, हे स्त्रीने शस्त्रक्रियेच्या वेळीच सांगून ठेवावे. घरच्या पत्त्यावर पत्र नको असेल तर नको. गावात कोतवाराने दवंडी पिटून सांगण्याचा हा विषय नाही, आणि आशा कार्यकर्तीमार्फतही नव्हे, कारण ती त्याच गल्लीतली असते.

नोंदवहीच्या जोडीला जिल्हा रुग्णालयांतील शल्यचिकित्सक आणि क्ष-किरणतज्ज्ञांसाठी एक पानाची सूचना पुरेशी आहे. अनेक वर्षांनी आलेली एका बाजूची सूज ही साधा संसर्ग समजू नये, काढलेला द्रव टाकू नये, तो कोणत्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि सोबतच्या चिठ्ठीत काय लिहायचे, एवढेच त्यात असावे. रायपूरच्या एम्सला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला ही तपासणी राज्यासाठी विनामूल्य करण्याची जबाबदारी देता येईल. वर्षाला येणारे नमुने बोटांवर मोजण्याइतके असतील. मॅमोग्राफीच्या फॉर्मवर ‘इम्प्लांट आहे काय’ हा एक रकाना छापायला तर काहीच खर्च नाही.

राज्याने एकट्याने केलेल्या नोंदवहीची मर्यादा मला दिसते. १९५६ पर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती. ती राजधानी राहिली नाही तरी रुग्णांनी नागपूरची वाट सोडलेली नाही. शस्त्रक्रिया नागपुरात, सूज दुर्गमध्ये आणि निदान रायपुरात, हा नेहमीचा क्रम आहे. गोंदिया आणि गडचिरोलीच्या सीमेवरून उलट दिशेनेही माणसे येतात. त्यामुळे महाराष्ट्र आणि छत्तीसगढ या दोन राज्यांनी एकच नमुना आणि एकच क्रमांकपद्धती स्वीकारली, तर मध्य भारतातील बऱ्याच स्त्रिया एका नोंदीखाली येतील. केंद्राने उपकरणांच्या ओळख-क्रमांकाची पुढे ढकललेली तारीख पुन्हा निश्चित केली आणि आयात परवान्याला नोंदवहीची अट जोडली, तर कंपन्यांनाही टाळाटाळ करता येणार नाही. तोवर ज्या स्त्रियांची शस्त्रक्रिया गेल्या तीन वर्षांत झाली आहे, त्यांनी २००२ च्या त्याच विनियमांचा आधार घेऊन आपल्या कागदपत्रांची लेखी मागणी करावी. मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शस्त्रक्रियेच्या टिपणात स्टिकर चिकटवलेले पान असते, ते मागून घ्यावे आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून रायपूर येथे राहतात.)